दोन कुंड्या, एक हात

डोंबिवली पूर्व
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला काय सिद्ध करायचे आहे ते आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या पुष्पप्रदर्शनात, मुलांच्या वर्गातील शेवंतीची एक कुंडी मी परीक्षक या नात्याने बाद ठरवली. ती कुंडी तुझ्या मुलीची, श्रियाची होती. तो निर्णय बरोबर होता. निर्णय बरोबर असेल तर तू धरलेल्या अबोल्याला आधार उरत नाही. आणि अबोल्याला आधार नसेल, तर येत्या पंचवीस जानेवारीच्या शनिवारी तू श्रियाला घेऊन प्रदर्शनाला येण्यात आणि तुझ्या बाबांबरोबर पूर्वीसारखे हिंडण्यात काही अडचण उरत नाही. मला हवे आहे ते हे शेवटचे. पहिली दोन विधाने मी त्याच्यासाठी मांडते आहे आणि ते लपवत नाही.

फोनवर तू "हं" म्हणतेस आणि फोन नवऱ्याच्या, अनिमेषच्या हातात देतेस. कागदाला मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नियम पाहू. मुलांच्या वर्गातले झाड मुलाने स्वतः वाढवलेले असावे. मोठ्यांनी सांगावे, हात लावू नये. हा नियम प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या बैठकीत मीच सुचवला होता, कारण त्याआधी मुलांच्या नावावर त्यांच्या आयाच बक्षिसे घेऊन जात होत्या. परीक्षकांसमोर नावे नसतात, फक्त क्रमांक असतात. तेव्हा मी नातीला बाद केले हे म्हणणे चुकीचे आहे. मी एका क्रमांकाला बाद केले.

आता ओळखीचा प्रश्न. मोहने गावी बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हापासूनचा आपल्या घरचा खेळ तू विसरली नसशील. प्रदर्शनात शिरल्यावर कुणी कुंडीवरची चिठ्ठी वाचायची नाही. आधी झाडाकडे बघायचे आणि ते वाढवणारा माणूस कसा असेल ते सांगायचे. बाबा म्हणायचे, हा घाईतला माणूस आहे, पाणी एकदम ओततो. ही बाई दिवसभर घरात असते, कुंडी रोज थोडीशी फिरवते. तू पहिलीत होतीस तेव्हा एका निवडुंगासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली होतीस, "याच्याकडे पाहुणे येत नाहीत." निवडुंगाचे मालक मागेच उभे होते. बाबांनी त्यांना आपल्या डब्यातल्या पुऱ्या दिल्या आणि पुढे कित्येक वर्षे ते गृहस्थ प्रदर्शनात आपल्याला शोधत यायचे.

तोच खेळ मला त्या सकाळी उपयोगी पडला. त्या कुंडीकडे पाहिले आणि माणूस ओळखला. काठीला जुन्या सुती साडीची चिंधी, खोडाभोवती सैल, काठीभोवती घट्ट, मध्ये एक पीळ. प्रत्येक फांदीवर एकच कळी राखून बाकीच्या खुडलेल्या. मातीवर राखेचा पातळ थर. ही पद्धत मी लग्न झाल्यापासून पाहत आले आहे. खुल्या वर्गात बाबांची स्वतःची कुंडी होती. तो वर्ग माझ्याकडे नव्हता, तरी मी मंडपात जाऊन ती पाहून आले. दोन्ही कुंड्या एकाच हाताने बांधलेल्या होत्या. त्यातली एक बाबांची. म्हणून दुसरीही बाबांचीच. यात कुठे फट असेल तर दाखव.

राहिली साक्ष. श्रिया चिठ्ठीवरचा लाल शिक्का पाहून मैत्रिणींसमोर रडली, याचे मला वाईट वाटले नाही असे नाही. सकाळी डबा उघडल्यावर तिने डाव्या हाताने पुरी उचलली म्हणून मी तिला टोकले होते. त्याचाही राग त्या रडण्यात मिसळला असावा. तू मात्र रडली नाहीस, भांडली नाहीस. एवढेच म्हणालीस, "आई, तू बाबांना विचार." बोलण्याची ती रीत मला उद्धट वाटली, तरी मी घरी येऊन विचारले. "ते झाड तुम्हीच वाढवलंत ना?" ते म्हणाले, "हो."

याहून अधिक पुरावा कोणत्याही वादात कुणी मागत नाही.

एक परिणामही नोंदवते. श्रिया यायची थांबली तेव्हापासून बाबांनी एकही शेवंती काठीला बांधलेली नाही. फुले येतात आणि मातीत लोळतात. नातीबरोबर त्यांचा उत्साह गेला. याची जबाबदारी कुणावर येते, ते तू ठरव.

त्यांची प्रकृती बरी आहे. वयाप्रमाणे थोडे विसरतात.

तुझी आई,
सरोज

डोंबिवली पूर्व
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस आशीर्वाद.

उत्तर आले नाही. अनिमेष बुधवारी येऊन गेले. कोलशेतहून इथपर्यंत येऊन पंधरा मिनिटेच बसले, पण बाबांच्या गोळ्या घेऊन आले, म्हणून तक्रार करत नाही. तू पत्र वाचलेस का, असे मी विचारले. ते म्हणाले, "वाचलं, आई. दोनदा वाचलं. घरात कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटत होतं." मग म्हणाले की पाकिटे श्रिया उघडते, पोस्टाने येणारी पत्रे तिला नवलाची वाटतात. हे मला आधी माहीत असते तर मी भाषा सौम्य ठेवली असती. मजकूर तोच ठेवला असता.

मागच्या पत्रातले एक विधान अपुरे होते. "वयाप्रमाणे थोडे विसरतात" असे मी लिहिले. वस्तुस्थिती अशी आहे की ते सकाळी उठल्यावर आधी अंगणात जातात, कारण घरातली दारे त्यांना ओळखीची वाटत नाहीत. जेवायला आत बसत नाहीत. पानात काय आहे ते विचारतात आणि हात मांडीवरच ठेवतात. अंगणात खुर्ची टाकून ताट मांडीवर दिले आणि चमच्याने भरवले, तर चार घास जातात. गेल्या सोमवारी मी केर काढायला वाकले तेव्हा त्यांच्या कॉटखाली शेवंतीची कुंडी होती, टॉवेलने झाकलेली. मी विचारले, ही इथे कशाला? ते हळू आवाजात म्हणाले, "तपासायला येणार आहेत."

ठाण्याच्या डॉक्टरांना मी नेमका प्रश्न विचारला: ते माणसे किती दिवस ओळखतील? डॉक्टरांनी नेमके उत्तर दिले नाही. ज्यांना अजून ओळखतात त्यांची भेट लांबवू नका, एवढेच म्हणाले.

ते तुला ओळखतात. श्रियाला नक्की ओळखतात. रस्त्याने शाळेची मुले चालली की फाटकाशी जातात आणि मुलींचे चेहरे बघत उभे राहतात. प्रदर्शन कधी आहे, योगिनी डबा आणणार की आपण न्यायचा, हे रोज विचारतात. मी तारीख सांगते. ते मान हलवतात आणि दुपारी पुन्हा विचारतात.

म्हणून पंचवीस जानेवारी. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाचा विचार मी करत नाही, तूही करू नयेस. यंदा मी परीक्षक नाही. मंडळाचे पत्र आले होते, मी नकार कळवला. तेव्हा तो अडथळाही उरलेला नाही.

माझ्या युक्तिवादात तुला दोष दिसत असेल तर तो लिही. दोष दाखवला म्हणून मी आजवर कुणावर रागावले नाही. माझे विद्यार्थी याची साक्ष देतील.

तुझी आई,
सरोज

डोंबिवली पूर्व
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद.

तू दोष दाखवला नाहीस. एक मलाच सापडला. तो तुझ्यापासून दडवून वाद जिंकणे मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

परवा सकाळी बाबा झाडांना पाणी घालत होते. ते त्यांना अजून जमते. झारी दोन्ही हातांनी धरतात. मी विचारले, "चहा झाला ना तुमचा?" म्हणाले, "हो." चहा झालेला नव्हता, मी अजून आधणच ठेवले नव्हते. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला. मग मी मुद्दाम विचारले, "मोहन्याला समुद्र होता ना?"

"हो."

"आपण रोज जायचो ना तिथे पोहायला?"

"हो," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. मला बरे वाटावे म्हणून हसले. योगिनी, मोहन्याला नदी आहे, आणि तुझ्या बाबांना पोहता येत नाही.

प्रश्नातच उत्तर ठेवले तर साक्षीला किंमत राहत नाही, हे मी वर्गात शिकवत आले. "तुम्हीच वाढवलंत ना?" हा प्रश्न तसाच होता. प्रश्न केवळ आजच सदोष ठरत नाही, तो दोन वर्षांपूर्वीही सदोषच होता. तेव्हा ते "हो" कशाला म्हणाले हे मला सांगता येणार नाही. झाडाला म्हणाले असतील, किंवा मी घरात शिरले त्या आवाजाला म्हणाले असतील. ती साक्ष मी मागे घेते.

तरी माझा निर्णय साक्षीवर उभा नव्हता. साक्ष नंतरची आहे. निर्णय दोन कुंड्यांवर उभा होता. दोन्ही एकाच हाताच्या, हे मी डोळ्यांनी पाहिले. आणि त्या पावसाळ्यात श्रिया दर शनिवारी इथे राहायला यायची तेव्हा मी रविवारी सकाळी खिडकीशी बसून वाचत असे. अंगणात बाबा खुर्चीत, ती समोर पाटावर, मध्ये कुंड्या, हेही मी पाहिले आहे. बाबा कुंडीकडे हात करून काही दाखवायचे. ती चिंध्या फाडून द्यायची. कोण काम करते आहे आणि कोण मदत करते आहे याविषयी मला तेव्हा शंका नव्हती.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायची की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. बाबा मला "बाई" म्हणू लागले आहेत. सुरुवातीला मला वाटले, शेजारच्या कुणाशी बोलतात. काल दुपारी मी कुंडीतले पिवळे पान काढायला हात पुढे केला, तर त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी ओढली. "बाई, बाद करू नका," म्हणाले. "पोरीने मेहनत घेतली आहे."

मी म्हटले, अहो, मी सरोज.

ते आदराने म्हणाले, "सरोज आत आहे. बोलावू का?"

मी नको म्हणाले.

प्रदर्शनाला या. माझ्या बाजूचे मुद्दे कमी झाले आहेत हे मला दिसते आहे, तरी सांगते, या.

तुझी आई,
सरोज

डोंबिवली पूर्व
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

चि. योगिनीस आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते. वडी कडक झाली आहे.

"पोरीने मेहनत घेतली आहे" हे वाक्य मी मागच्या पत्रात लिहिले, पाकीट बंद केले, आणि ते पोस्टात पडल्यावर माझ्या लक्षात आले की मी ते फक्त लिहिले होते, वाचले नव्हते. आजारी माणसाचे बोलणे म्हणून ते पुरावा ठरत नाही. पण चौकशीला कारण पुरेसे आहे. मी चौकशी केली. आता क्रमाने सांगते. मध्ये थांबू नकोस.

त्या वर्षीच्या दोन्ही कुंड्या अजून अंगणात आहेत. झाडे कधीच वाळली. काठ्या आहेत, काठ्यांना चिंध्याही आहेत, ऊन-पावसाने लाकडासारख्या झालेल्या. दोन्हींवरचे फास मी भिंग घेऊन पाहिले. एकाच हाताचे आहेत. माझे निरीक्षण बरोबर होते.

मग मी जुईच्या मांडवाकडे गेले. तो वेल आणि तो मांडव आपण मोहन्याहून आणला, तू तेव्हा कॉलेजात होतीस. त्याच्यावरच्या गाठी बाबांनी माझ्यासमोर बांधलेल्या आहेत. त्यांचा पीळ एका बाजूला पडतो. कुंड्यांवरच्या गाठींचा पीळ उलट्या बाजूला पडतो. एखादी नव्हे, सगळ्याच. मी स्वतः आधी उजव्या हाताने आणि मग डाव्या हाताने बांधून पाहिल्या. डाव्या हाताने बांधली की पीळ कुंड्यांवरच्यासारखा पडतो.

आपल्या घरात डावखुरे कोण आहे, हे मी लिहीत नाही. मी तिला पुरी खाली ठेवून उजव्या हाताने उचलायला लावली होती.

मग बाबांनी त्या वर्षी काहीच बांधले नाही का, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर कपाटात होते. प्रदर्शनाआधीच्या दिवाळीत त्यांनी बटणांचे सगळे शर्ट वॉचमनला देऊन टाकले आणि डोक्यातून घालायचे झब्बे घेतले. मला म्हणाले, बटणे टोचतात. मी मानले. बंदाचे बूट टाकून चपला घेतल्या. पाय सुजतात म्हणाले, मी मानले. संत्री आणली की म्हणायचे तूच खा. कारखान्यात हजेरीच्या कागदावर ज्यांची सही छापल्यासारखी असायची, त्यांनी बँकेत मला पुढे करायला सुरुवात केली. मला वाटले, माझा मान ठेवतात. प्रत्येक गोष्टीला त्यांनी एक कारण दिले आणि मी ती कारणे सुटी सुटी स्वीकारली. एका रांगेत ठेवली असती तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसले असते: या माणसाच्या बोटांना आता बारीक काम होत नाही.

पहिल्या पत्रातला परिणाम तुला आठवत असेल. श्रिया यायची थांबली आणि शेवंत्या बांधणे थांबले. ही वस्तुस्थिती मी तुझ्याविरुद्ध मांडली. ती जशीच्या तशी खरी आहे. बांधणारे हात यायचे थांबले, म्हणून बांधणे थांबले.

खिडकीतून मी जे पाहिले त्यात बाबा दाखवत होते आणि ती करत होती. नियमाप्रमाणे हेच चालते: मोठ्यांनी सांगावे, हात लावू नये. तिच्या कुंडीला मोठ्या कुणाचा हात लागला नव्हता. बाद व्हायला हवी होती ती खुल्या वर्गातली, महिपत टिपणीस या बाबांच्या नावाची, दुसरे बक्षीस मिळालेली कुंडी. कारण तीही तिनेच बांधली होती.

आणि तुला हे माहीत होते. "आई, तू बाबांना विचार" म्हणालीस ते उद्धटपणाने नव्हते. तुला स्वतः सांगता येत नव्हते. का येत नव्हते हे मला अजून कळलेले नाही. तू दोन वर्षे गप्प राहून कुणाला सांभाळत होतीस?

मला दोन ओळी लिही. नाहीतर अनिमेषकडून निरोप दे. मी अंगणात फोन घेऊन बसते.

तुझी आई,
सरोज

डोंबिवली पूर्व
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. योगिनीस,

फोन आला नाही. येण्याचे कारण नव्हते. मागच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. ते तुझ्याकडून आले नाही.

आज सकाळी ऊन अंगणात आल्यावर मी बांबूच्या काड्या आणि माझी जुनी साडी घेऊन शेवंतीपाशी बसले. पाट घेतला, गुडघे दुखतात म्हणून त्यावर उशी ठेवली. बाबा खुर्चीत होते. मी पहिली चिंधी खोडाभोवती घातली. त्यांनी कुंडी ओढून घेतली नाही. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खोडाला आवळू नका, बाई. ते अजून जाड व्हायचंय."

मी सैल केली.

"पीळ राहिला."

मी पीळ दिला. त्यांनी हात पुढे करून काठीकडे बोट दाखवले. मी काठीला घट्ट बांधली. त्यांनी मान डोलावली. असे एक झाड झाले, दुसरे झाले. ते सांगत होते, मी करत होते. रस्त्यावरून कुणी पाहिले असते तर त्याला वाटले असते, म्हातारा बागकाम करतो आहे आणि बायको चिंध्या देते आहे.

तिसऱ्या झाडाला ते म्हणाले, "जमेल तुम्हाला. माझ्या नातीला फार छान येतं. मी तिला नुसतं सांगतो." मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "माझे हात गेलेत, बाई. घरात बोलू नका."

मी विचारले, घरात कोण आहे?

"बायको. मुलीला मी शपथ घातली आहे, आईला कळू द्यायचं नाही म्हणून. नात लहान आहे, पण तीही बोलत नाही."

"बायकोला कळलं तर काय होईल?"

"ती हुशार आहे हो. चूक लगेच काढते."

मी म्हटले, "मग तिला दिसलंच असेल. एवढी हुशार आहे तर."

त्यांनी विचार केला. माझ्या बोलण्यावर त्यांनी विचार करण्याची ही कितीतरी महिन्यांतली पहिली वेळ होती. मग मान हलवली. "नाही," म्हणाले. "ती झाडाकडे बघते."

त्यांनी तक्रार केली नाही. माझी बाजू सांभाळत असल्यासारखे बोलले. मग विचारले, प्रदर्शन कधी आहे, योगिनी डबा आणणार का. मी म्हटले, शनिवारी. ते म्हणाले, "तुम्ही असाल ना तिथे, तपासायला?" आणि कुंडीवर हात ठेवला.

तेव्हा मी ठरवले. मी शनिवारी येणार नाही. मी जवळ असले की ते कुंडी पोटाशी धरतात. प्रदर्शनभर ते असेच चालले तर त्यांना एकही फूल दिसणार नाही. अनिमेषना विचार, सकाळी गाडी घेऊन येता येईल का. बाबा तयार असतील, बिनबटणांचा पांढरा झब्बा घालून. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून देईन. श्रियाला सांग, तिने कोणत्याही हाताने खावे. आज बांधलेली एक कुंडी गाडीत ठेवीन. ती स्पर्धेत मांडू नका, नुसती त्यांच्या पायाशी राहू दे. त्यांना चिठ्ठ्या वाचू देऊ नका, आधी झाडे दाखवा. तो खेळ त्यांना अजून येत असेल असे मला वाटते. पण माझ्या वाटण्यावर विसंबू नकोस.

तुम्ही परत येईपर्यंत मी शेजारी नीरजाताईंकडे बसेन. बाबांना घरी सोडून तू फाटकातूनच परत गेलीस तरी चालेल.

पहिल्या पत्रात मी तीन विधाने मांडली होती: निर्णय बरोबर, म्हणून अबोला निराधार, म्हणून तू यावेस. पहिले पडले. त्याच्याबरोबर दुसरे पडले. तिसऱ्याला आता कशाचाच आधार नाही, तरी ते मागे घेता येत नाही. मी आयुष्यभर आधाराशिवाय काही मागितले नाही, त्यामुळे हे कसे मागतात ते मला येत नाही. त्यांना घेऊन जा. तुमच्यात कुणाला ते ओळखतात तोवर घेऊन जा. मला आता ते ओळखत नाहीत.

खालचा मजकूर श्रियासाठी आहे. पाकीट तिनेच उघडले असेल, तर तिला तो आधी वाचू दे. याची एक प्रत मी मागच्या आठवड्यातच मंडळाला पाठवली आहे. झालेला निकाल बदलता येत नाही असे त्यांचे उत्तर आले, पण कागद त्यांच्या दप्तरात राहील.

चि. श्रियास,

जानेवारी २०२३ च्या प्रदर्शनात मुलांच्या वर्गात तुझी शेवंतीची कुंडी होती आणि खुल्या वर्गात आजोबांची. त्या दोन्ही एकाच हाताने बांधलेल्या आहेत, असे मी त्या दिवशी म्हटले. ते खरे होते. तो हात आजोबांचा, हे मी गृहीत धरले. मी त्यांच्या हातांकडे पाहिले नाही आणि तुझ्याही नाही. तो हात तुझा होता. दोन्ही झाडे तू वाढवलीस, एक तुझ्यासाठी आणि एक आजोबांना कुणी हसू नये म्हणून. तुझी कुंडी बाद करणे ही चूक होती आणि ती पूर्णपणे माझी आहे.

सरोज महिपत टिपणीस